स्वेतलाना म्हणजे काय? स्लाव्ह मुलीच्या नावाचं मूळ आणि अर्थ शोधायचा कसा

गेल्या वर्षभरात चार वेगवेगळ्या माणसांनी मला स्वेतलाना या नावाचा अर्थ विचारला. एक जोडपं होणाऱ्या बाळासाठी नाव शोधत होतं. एका काकांची सून युक्रेनची आहे, आणि नातीच्या बारशाला जमणाऱ्या नातेवाइकांना सुनेच्या नावाचा अर्थ सांगता यावा अशी त्यांची इच्छा होती. तिसरी एक भाषांतरकार आणि चौथा माझा विद्यार्थी. प्रत्येकानं आधी कुठल्या ना कुठल्या नावांच्या यादीत डोकावलेलं होतं, आणि चौघांकडे चार उत्तरं होती: पवित्र, गोरी, तारा, प्रकाशमान. यातलं शेवटचं तेवढं बरोबर आहे.

मी रशियन शिकवते. विद्यार्थ्यांच्या अशा प्रश्नांमुळेच मला नावांचा नाद लागला. आज जी पद्धत सांगते आहे ती कुठल्याही स्लाव्ह मुलीच्या नावाला लावता येते. उदाहरण मुख्यतः स्वेतलानाचंच घेते, कारण हे नाव दिसतं तसं नाही. ते अतिप्राचीन वाटतं, पण एका कवीनं ते घडवलं आहे. चर्चनं बराच काळ ते मान्य केलं नव्हतं, आणि मुलींच्या आधी ते एका जहाजाला मिळालं होतं. नुसता शब्दकोशातला अर्थ लिहून घेणाऱ्याला यातलं काहीच कळणार नाही.

पहिली पायरी: नाव कुठल्या भाषेतलं, ते आधी विचारा

‘स्लाव्ह नाव’ म्हणजे एका भाषेतलं नाव नव्हे. पूर्वेकडे रशियन, युक्रेनियन, बेलारूसी. पश्चिमेकडे पोलिश, चेक, स्लोव्हाक. दक्षिणेकडे बल्गेरियन, मॅसेडोनियन, सर्बियन, क्रोएशियन, स्लोव्हेनियन. एकच नाव या भाषांमध्ये फिरताना रूप बदलतं. रशियन स्वेतलाना युक्रेनियनमध्ये स्वितलाना होते, बेलारूसीत स्व्यातलाना. 2015 साली साहित्याचं नोबेल मिळालेल्या अलेक्सियेविच बाई जगभर रशियन रूपातल्या नावानं ओळखल्या जातात, पण बेलारूसी वर्तमानपत्रात त्यांचं नाव स्व्यातलाना असं दिसेल.

म्हणून पहिलं काम म्हणजे पासपोर्टवर किंवा जन्मदाखल्यावर नाव मूळ लिपीत कसं लिहिलं आहे ते बघणं. काकांच्या सुनेचं नाव कागदावर ‘स्वितलाना’ होतं आणि घरात सगळे तिला ‘स्वेतलाना’ म्हणत होते. तिनं कधी तक्रार केली नाही, पण मी तिला तिच्या पद्धतीनं हाक मारली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते पाहून काकांनी त्याच दिवशी घरातल्यांना योग्य उच्चार शिकवला. तो ‘इ’ उगाच आलेला नाही, त्याचा नियम पुढे सांगते.

दुसरी पायरी: नाव मुळात स्लाव्ह आहे का?

इथे बहुतेक जण फसतात. रशियात सर्रास चालणारी कितीतरी नावं स्लाव्ह नाहीतच. आपल्याकडे रुळलेली नताशा घ्या. ते नतालिया या नावाचं लाडकं रूप आहे आणि नतालिया लॅटिनमधून आलं, ख्रिस्तजन्माच्या दिवसावरून. तान्या म्हणजे तत्याना, आणि त्यामागे तातियुस हे प्राचीन रोमन कुळनाव आहे. सोनिया हे सोफियाचं रूप. सोफिया म्हणजे ग्रीकमध्ये शहाणपण. इरिना म्हणजे ग्रीक शांती. ओल्गा तर स्कँडिनेव्हियातून आली. तिकडच्या हेल्गाचं हे रूप दहाव्या शतकातल्या कीव्हच्या राणी ओल्गामुळे स्लाव्ह जगात कायमचं रुजलं.

याचं कारण सोपं आहे. 988 साली कीव्हच्या व्लादिमीरनं ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि बाप्तिस्म्याबरोबर बायझंटाइन संतांची ग्रीक, लॅटिन, हिब्रू नावं आली. जुनी स्लाव्ह नावं हळूहळू मागे पडली. ज्यांच्या नावाचा कुणी संत होऊन गेला तेवढी टिकली.

मधला एक वर्ग मला फार आवडतो: शब्द स्लाव्ह, पण कल्पना ग्रीक. वेरा म्हणजे श्रद्धा, नाद्येझ्दा म्हणजे आशा, ल्युबोव्ह म्हणजे प्रेम. पिस्तिस, एल्पिस आणि अगापे या तीन हुतात्मा बहिणींच्या ग्रीक नावांचं हे सरळ भाषांतर आहे. त्यांची आई सोफिया, तिचं नाव मात्र कुणी भाषांतरित केलं नाही. नादिया हे आपल्या कानावरून गेलेलं नाव म्हणजे याच नाद्येझ्दाचं लहान रूप.

तेव्हा वहीत नावापुढे तीनपैकी एक खूण करा: स्लाव्ह, परकं, किंवा भाषांतरित. स्वेतलानापुढे ‘स्लाव्ह’ लिहा.

तिसरी पायरी: नावाची फोड

जुनी स्लाव्ह नावं आपल्या सामासिक नावांसारखी दोन तुकड्यांची असतात. हे तुकडे मोजके आहेत, आणि एकदा ओळखीचे झाले की निम्मी नावं तुम्हीच उलगडाल:

- *मिल*: प्रिय, लाडका
- *ल्युद*: लोक
- *स्लाव*: कीर्ती
- *मिर*: शांती, जग
- *ल्युब*: प्रेम
- *बोग*: देव
- *दान*: दिलेला
- *राद*: आनंदी
- *व्लाद*: सत्ता
- *स्व्येत*: प्रकाश
- *स्व्यात*: पवित्र
- *झोर*: पहाट

आता ल्युदमिला म्हणजे लोकांना प्रिय, बोगदाना म्हणजे देवानं दिलेली, मिरोस्लावा म्हणजे जिच्या नावात शांती आणि कीर्ती एकत्र आली ती.

या तुकड्यांमध्ये संस्कृतचे नातेवाईक भरपूर भेटतात, कारण दोन्हीकडच्या भाषा एकाच मोठ्या कुळातल्या आहेत. स्लाव या शब्दाचं नातं ‘श्रवस्’ म्हणजे कीर्ती या वैदिक शब्दाशी, म्हणजे आपल्या श्रवणाशी आहे. बोगचं भग आणि भगवान यांच्याशी, दानचं दानाशी. ल्युबचं नातं चक्क ‘लोभ’ या शब्दाशी आहे. आज लोभ म्हटलं की हाव आठवते, पण जुन्या पत्राच्या शेवटी ‘लोभ असावा ही विनंती’ असं लिहायचे ना, तिथला लोभ म्हणजे माया. ल्युबोव्ह हे नाव वर्गात समजावताना मी फळ्यावर ते वाक्य लिहिते आणि मग दुसरं काही सांगावं लागत नाही.

स्वेतलानाची फोड मात्र दोन शब्दांची नाही. रशियनमध्ये ‘स्व्येत’ म्हणजे प्रकाश, त्याला ‘ल’ लागून ‘स्व्येत्ली’ म्हणजे उजळ, तेजस्वी, आणि त्यापुढे स्त्रीनामाचा ‘आना’ हा प्रत्यय. स्नेझाना (बर्फावरून), मिलाना (प्रिय) या नावांमध्ये तोच प्रत्यय दिसतो. तर शब्दशः अर्थ झाला: उजळ, प्रकाशमान अशी ती.

आता ‘गोरी’ हा अर्थ कुठून आला ते कळतं. स्व्येत आणि संस्कृत श्वेत हे खरोखर सख्खे शब्द आहेत. ओळखायची खूण लक्षात ठेवा: संस्कृतात जिथे मूळचा ‘श’ असतो तिथे स्लाव्ह भाषांत बहुतेक वेळा ‘स’ सापडतो. दशला रशियनमध्ये ‘देस्यत’, शतला ‘स्तो’, श्रवस्ला ‘स्लावा’, आणि श्वेतला ‘स्व्येत’. पण शब्द सख्खे असले तरी अर्थ ज्याच्या त्याच्या वाटेनं गेले. आपल्याकडे श्वेत म्हणजे पांढरा, तिकडे स्व्येत म्हणजे उजेड. पांढऱ्याला रशियनमध्ये वेगळाच शब्द आहे, ‘ब्येली’. त्यामुळे श्वेता आणि स्वेतलाना या बहिणी आहेत म्हटलं तर ठीक, पण श्वेताचा अर्थ उचलून स्वेतलानाला चिकटवणं चूक.

‘तारा’ हा अर्थ बहुधा उजेडावरूनच कुणीतरी पुढे ओढत नेलेला असावा. शब्दात ताऱ्याचा काही संबंध नाही.

आणखी एक गोष्ट. रशियन ‘स्व्येत’चा दुसरा अर्थ ‘जग’ असा आहे. परलोकाला ते ‘तोत स्व्येत’, म्हणजे ‘ते जग’, म्हणतात. उजेड आणि जग यांना एकच शब्द कसा, असं विद्यार्थी विचारतात, तेव्हा मी त्यांना आपले ‘लोक’ आणि ‘आलोक’ दाखवते. जिथे उजेड पोचतो, जे दिसतं, ते जग.

चौथी पायरी: सारखे दिसणारे तुकडे वेगळे करा

‘पवित्र’ ही चूक मात्र बारकाईनं पाहायला हवी, कारण ती करणारा अगदी अडाणी नसतो. त्याला स्लाव्ह भाषा थोडीशी येत असते.

प्रकाशाचा ‘स्व्येत’ आणि पवित्रतेचा ‘स्व्यात’ ही दोन वेगळी मुळं आहेत. पवित्रवाल्या शब्दाचा नातेवाईक अवेस्तात ‘स्पेंत’ म्हणून भेटतो. मुंबईच्या पारशी शेजाऱ्यांकडून ‘स्पेंता मैन्यू’ हे नाव ऐकलं असेल तर तोच हा शब्द. मूळ स्लाव्ह भाषेत या शब्दात नाकातला स्वर होता. प्रकाशाच्या शब्दात तो नव्हता, तिथे ‘यात’ नावाच्या अक्षरानं लिहिला जाणारा वेगळा स्वर होता.

पुढे प्रत्येक भाषेनं या दोन स्वरांचं वेगळं काहीतरी केलं:

पोलिश भाषेनं अनुस्वार जपला. तिथे पवित्र म्हणजे ‘श्व्येंती’, जग म्हणजे ‘श्व्यात’. कान दिला की फरक लगेच ऐकू येतो. म्हणून शंका आली की मी आधी पोलिश शब्दकोश उघडते, नाव पोलिश असो वा नसो.

रशियननं दोन्ही वेगळे ठेवले: पवित्र ‘स्व्यातोय’, प्रकाश ‘स्व्येत’.

युक्रेनियनमध्ये ‘यात’चा ‘इ’ झाला. काकांच्या सुनेच्या नावातला ‘इ’ तो हाच. प्रकाश ‘स्वित्लो’, म्हणून स्वितलाना.

बेलारूसीत आघाताच्या, म्हणजे उच्चारताना जोर दिलेल्या अक्षराच्या, लगेच आधीचा ‘ए’ हा ‘या’ होतो. म्हणून स्व्यातलाना हे नाव कानाला ‘पवित्र’सारखं लागतं, पण मूळ प्रकाशाचंच.

सर्बियनमध्ये दोन्ही स्वर ‘ए’ होऊन एकमेकांत मिसळले. ‘स्वेत’ म्हणजे जगही आणि पवित्रही. संत सावांना ते ‘स्वेती सावा’ म्हणतात. बल्गेरियनमध्येही ‘स्व्यात’ हा एकच उच्चार दोन्ही अर्थांनी चालतो.

‘पवित्र’ हा अर्थ या दक्षिणेकडच्या भाषांतून आला असावा, हे आता तुमच्या लक्षात आलं असेल. नियम असा: दोन मुळांमध्ये गोंधळ वाटला तर ज्या भाषेत ती दोन वेगळी राहिली आहेत त्या भाषेत जाऊन तपासा. ज्या भाषेत ती मिसळली, तिथे निकाल लागणार नाही.

अशीच दुसरी जोडी ‘दान’ची. बोगदानातला दान म्हणजे दिलेला. पण दानित्सा या नावातला ‘दान’ म्हणजे दिवस, आपला ‘दिन’. हे नाव मी मुद्दाम शेवटासाठी राखून ठेवलं आहे.

मराठी कानाला फसवणारं एक नाव इथेच सांगते. मिरा हे स्लाव्ह देशांत मिरोस्लावासारख्या नावाचं लहान रूप म्हणून चालतं आणि त्याचा अर्थ शांतीशी जोडलेला आहे. तो अर्थ आपल्या मीरेला लावायला काही आधार नाही. उच्चार जुळला म्हणून नातं जुळत नाही. श-स सारखा नियम हाताशी असेल तरच नातं मांडा.

पाचवी पायरी: हा शब्द नाव कधी झाला?

या पायरीवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते. शब्द हजारो वर्षं जुना असू शकतो आणि नाव कालपरवाचं. स्वेतलाना तसंच आहे.

अलेक्सांद्र वोस्तोकोव्ह (1781–1864) हा कवी आणि भाषाशास्त्रज्ञ बाल्टिक जर्मन घराण्यातून आलेला. त्याचं मूळ आडनाव ओस्तेनेक. जर्मनमध्ये ‘ओस्त’ म्हणजे पूर्व, रशियनमध्ये ‘वोस्तोक’ म्हणजे पूर्व. त्यानं स्वतःच्या आडनावाचं भाषांतर करून वोस्तोकोव्ह हे आडनाव घेतलं. ज्याला नाव बदलून दुसऱ्या भाषेत राहायला जाणं म्हणजे काय हे ठाऊक होतं, त्याच माणसानं 1802 साली एका काव्यकथेसाठी जुन्या स्लाव्ह वळणाचं वाटेल असं स्त्रीनाव घडवलं: स्वेतलाना. ती कथा 1806 साली छापली गेली. पुढे याच वोस्तोकोव्हनं जुन्या स्लाव्ह हस्तलिखितांवर पायाभूत काम केलं. त्याचा कान पक्का होता, म्हणूनच नाव इतकं अस्सल वाटतं.

पण घराघरात ते पोचवलं वासिली झुकोव्स्कीनं. 1813 साली त्याची ‘स्वेतलाना’ ही कथाकविता प्रसिद्ध झाली. मूळ कल्पना ब्युर्गर या जर्मन कवीच्या ‘लेनोरे’ची: युद्धावर गेलेला प्रियकर रात्री घोड्यावरून येतो, प्रेयसीला घेऊन जातो, आणि तो मेलेला असतो. झुकोव्स्कीनं याच कल्पनेवर 1808 साली एक कविता आधी लिहिली होती, तिची नायिका ल्युदमिला. ती कबरीत जाते. काही वर्षांनी त्यानं तीच गोष्ट पुन्हा हाती घेतली, आणि या वेळी नायिकेला स्वेतलाना हे नाव दिलं.

कवितेची सुरुवात डोळ्यांपुढे आणा. जानेवारीतली, येशूच्या बाप्तिस्म्याच्या सणाची आदली संध्याकाळ. गावातल्या मुली भविष्य बघायला जमल्या आहेत. कुणी पायातली चपलेसारखी वहाण काढून फाटकाबाहेर भिरकावते, कुणी खिडकीखाली कान देऊन उभी राहते, कोंबडीपुढे दाणे मोजून टाकतात, मेण वितळवतात, स्वच्छ पाण्याच्या वाडग्यात सोन्याची अंगठी आणि पाचूची कर्णफुलं सोडतात. स्वेतलाना गप्प आहे, तिच्या माणसाची वर्षभर खबर नाही. मैत्रिणी तिला आरसा आणि मेणबत्तीपुढे बसवतात. मग बर्फातून धावणारी घसरगाडी, एकाकी झोपडी, शवपेटी. आणि नेमक्या त्या क्षणी ती जागी होते. ते स्वप्न होतं. सकाळ झालेली असते आणि दारात खराखुरा प्रियकर येऊन उभा राहतो.

लेनोरे गेली, ल्युदमिला गेली, स्वेतलाना वाचली. ‘उजळ’ या शब्दार्थाला जे वजन आहे ते या गोष्टीमुळे आलं. शंभर वर्षं रशियन वाचकांच्या मनात या नावाबरोबर ती सकाळ उजाडत राहिली. कवीनं घडवलेलं नाव म्हणजे कमअस्सल, असं कुणी म्हटलं की मला पटत नाही. नावाला अर्थ देण्याचं जे काम एरवी शतकं करतात, ते इथे एका कवितेनं केलं.

आणि गंमत पाहा, या नावानं हाक मारले गेलेले सुरुवातीचे एक गृहस्थ म्हणजे स्वतः झुकोव्स्की. 1815 साली स्थापन झालेल्या ‘अर्झामास’ या साहित्यमंडळात प्रत्येक सभासदाला झुकोव्स्कीच्याच कवितांमधलं टोपणनाव मिळे, आणि खुद्द त्याच्या वाट्याला ‘स्वेतलाना’ आलं.

तुमच्या नावासाठी ही पायरी करायची तर दोन गोष्टी विचारा: या नावाची सर्वांत जुनी व्यक्ती कोण, आणि ती खरी की काल्पनिक? ल्युदमिलाच्या बाबतीत उत्तर लगेच मिळतं: बोहेमियाची राणी ल्युदमिला, चेक लोकांचा संत राजा वात्स्लाव याची आजी. नातवाला तिनंच वाढवलं. 921 साली तेतीन इथे सुनेच्या हुकमावरून तिचा गळा आवळण्यात आला. प्राग किल्ल्यातल्या सेंट जॉर्ज चर्चमध्ये तिचे अवशेष आहेत. म्हणजे हे नाव खरोखर हजार वर्षं जुनं. स्वेतलानाची पहिली ‘व्यक्ती’ कागदावर जन्मली.

सहावी पायरी: चर्चची यादी बघा

ऑर्थोडॉक्स रशियात बाप्तिस्म्याचं नाव संतांच्या पंचांगातूनच घ्यावं लागे. स्वेतलाना नावाची संत नव्हती. त्यामुळे कविता तोंडपाठ असलेल्या आईबापांनाही मुलीचं नाव चर्चच्या वहीत स्वेतलाना असं नोंदवता येत नव्हतं. जहाजाला मात्र पंचांग लागत नाही. 1858 साली बोर्दोत बांधलेल्या रशियन युद्धनौकेचं नाव ‘स्वेतलाना’ होतं, आणि त्याच नावाची एक नंतरची नौका 1905 साली त्सुशिमाच्या लढाईत बुडाली. पीटर्सबर्गच्या कारखान्यातल्या विजेच्या दिव्यांनाही हेच नाव मिळालं.

1917 च्या क्रांतीनंतर चर्च आणि राज्य वेगळे झाले, जन्मनोंदणी सरकारी कचेरीत होऊ लागली आणि वाट मोकळी झाली. स्टालिननं 1926 साली जन्मलेल्या मुलीचं नाव स्वेतलाना ठेवलं. पुढची चार-पाच दशकं हे नाव सोव्हिएत संघात सगळीकडे ऐकू येत होतं.

मग धार्मिक घरांनी काय केलं? त्यांनी प्रकाशाचं ग्रीक नाव शोधलं. विहिरीवर येशूशी बोललेली शमरोनी स्त्री परंपरेत फोतिनी म्हणून ओळखली जाते. ग्रीकमध्ये ‘फोस’ म्हणजे प्रकाश. कागदोपत्री स्वेतलाना असलेल्या मुलीचा बाप्तिस्मा फोतिनिया या नावानं होऊ लागला. आपल्याकडे पत्रिकेतलं नावरस नाव वेगळं आणि व्यवहारातलं वेगळं, तसंच. कालांतरानं रशियन चर्चनं स्वेतलाना हेच फोतिनियाचं रशियन रूप मानलं. तिचा दिवस जुन्या पंचांगानुसार 20 मार्च, आजच्या कॅलेंडरनुसार 2 एप्रिल. चेक कॅलेंडरात स्व्येतलानाचा नामदिन 20 मार्चलाच छापलेला असतो.

स्लाव्ह देशांत नामदिन वाढदिवसासारखा साजरा करण्याची पद्धत अजून आहे. घरात स्लाव्ह सून किंवा जावई असेल तर तारीख शोधून ठेवा. ल्युदमिलाचा नामदिन चेकमध्ये 16 सप्टेंबर.

सातवी पायरी: लाडाची रूपं

स्वेतलानाला घरी स्वेता म्हणतात, आणखी लाडानं स्वेतोच्का. लाना हे दुसरं टोक. स्टालिनच्या मुलीनं वडिलांचं आडनाव टाकून आईचं अलिलुयेवा हे आडनाव घेतलं. डिसेंबर 1966 मध्ये ती आपले भारतीय जोडीदार ब्रजेश सिंह यांच्या अस्थी घेऊन उत्तर प्रदेशात गंगाकाठच्या कालाकांकरला आली, मार्च 1967 मध्ये दिल्लीतल्या अमेरिकी दूतावासात तिनं आश्रय मागितला, आणि 2011 साली अमेरिकेत वारली ती लाना पीटर्स या नावानं. एका नावाच्या दोन टोकांमध्ये एवढं आयुष्य मावलं.

धोका असा की लहान रूपावरून मूळ नाव सांगता येत नाही. मिला ही ल्युदमिला असेल, मिलेना असेल किंवा मिलित्सा. स्लावा तर मुलगाही असतो. पूर्ण नाव विचारल्याशिवाय अर्थ सांगायचा नाही.

मधलं नाव वडिलांचं असतं, आपल्यासारखंच. स्वेतलाना येव्गेन्येव्ना साविट्स्काया म्हणजे येव्गेनीची मुलगी. अंतराळात चालणारी ती पहिली स्त्री, 25 जुलै 1984. ज्या साल्युत-7 स्थानकाबाहेर ती पडली, तिथेच त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये राकेश शर्मा राहून आले होते.

आठवी पायरी: देवनागरीत कसं लिहायचं

इंग्रजीवरून लिहिणारे ‘स्वेटलाना’ लिहितात. नका लिहू. स्लाव्ह भाषांतला तो ‘त’ दातांना जीभ लावूनच म्हणतात, म्हणजे आपला त. ‘ट’ लिहिला की प्रकाशाचा शब्दच हरवतो. आघात ‘ला’वर आहे, म्हणून रशियन तोंडून ‘स्व’ नंतरचा स्वर आखूड, जवळजवळ ‘इ’सारखा ऐकू येतो. लिहिताना मात्र ‘स्वेतलाना’ योग्य.

आघात भाषेगणिक बदलतो. चेकमध्ये तो नेहमी पहिल्या अक्षरावर, पोलिशमध्ये बहुधा शेवटून दुसऱ्यावर, रशियनमध्ये नावागणिक वेगळा. म्हणून प्रागमधली लुदमिला पहिल्या अक्षरावर जोर देते आणि मॉस्कोतली ल्युदमीला दुसऱ्यावर.

मराठी माणसाला इथे एक मोठा फायदा आहे. आपले च आणि ज दोन तऱ्हांचे. ‘चमचा’तला च आणि ‘चंद्र’तला च वेगळा, ‘जोर’मधला ज आणि ‘जीव’मधला ज वेगळा. स्लाव्ह भाषांतला ‘त्स’ म्हणजे जवळपास आपल्या चमच्यातला च, आणि झोरा या नावातला पहिला वर्ण म्हणजे ‘जोर’मधला ज. वर्गात बाकीचे जिथे अडखळतात तिथे मराठी विद्यार्थी पहिल्याच दिवशी बरोबर म्हणतात. गोव्यात मोरजिमच्या किनाऱ्यावर रशियन पाट्या दिसल्या तर त्यांच्यावरची नावं मोठ्यानं वाचून बघा.

एक नाव तुम्ही सोडवा: दानित्सा

बाळासाठी नाव शोधणाऱ्या त्या जोडप्याला स्वेतलाना आवडलं, पण घरात आधीच एक श्वेता होती. त्यांनी दानित्सा हे नाव कुठेतरी वाचलं होतं. आम्ही तिघांनी बसून याच पायऱ्या लावल्या.

भाषा: सर्बियन, क्रोएशियन, स्लोव्हेनियन. स्लाव्ह आहे का: हो, शब्द त्यांच्या बोलीतलाच. फोड: ‘दान’ म्हणजे दिवस, आणि ‘इत्सा’ हा स्त्रीलिंगी प्रत्यय. मूळ तपासलं: हा दान ‘दिलेला’ नव्हे, आपल्या ‘दिन’चा सगोत्र. पण ‘दिवसाची’ एवढ्यावर थांबलो असतो तर अर्थ हुकला असता, कारण या भाषांमध्ये दानित्सा म्हणजे पहाटेची शुक्राची चांदणी. दिवस घेऊन येणारी, म्हणून ती दानित्सा. इथे ‘तारा’ हा अर्थ खराखुरा आहे. साहित्यात: सर्बियन भाषासुधारक वूक काराजिच यांचं वार्षिक 1826 पासून याच नावानं निघालं, आणि 1835 मध्ये क्रोएशियन भाषासुधारक ल्युदेवित गाय यांनी झाग्रेबमध्ये सुरू केलेल्या पत्रिकेचं नावही हेच होतं. नव्या जागृतीची पहाट दोघांनाही याच चांदणीत दिसली असणार.

अमेरिकेत गेलं की या नावाचा उच्चार ‘डॅनिका’ होतो, हे मी त्यांना आधीच सांगून ठेवलं, कारण मुलगी मोठी होऊन तिकडे शिकायला गेली तर तिला ते ऐकावं लागेल.

शेवटी दाखल्याचा प्रश्न आला. मुलीच्या बाबांचं म्हणणं, चमच्याचा च आहे तर ‘दानिचा’च लिहू. मी त्यांना थांबवलं. देवनागरीत दोन्ही च एकाच अक्षरानं लिहितात, आणि कचेरीतला, शाळेतला प्रत्येक जण तो चंद्राचा च वाचणार. त्यांनी अर्जावर ‘दानित्सा’ असं लिहिलं, आणि आजी तिला पहिल्या दिवसापासून चमच्याच्या च नं हाक मारते आहे.